वाटीतले चार स्क्रू

रविवार, २१ नोव्हेंबर १९९९. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अंबादास टाकळकरांनी अॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं. त्या वर्षातली ही सातवी वेळ. चारही स्क्रू काढून त्यांनी स्टीलच्या वाटीत टाकले, झाकण दिवाणावर उपडं ठेवलं आणि सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं.

"परत उघडलात?" स्वयंपाकघरातून इंदुमतीबाईंनी विचारलं.

"शेवटचं."

"मागच्या रविवारचंही शेवटचंच होतं."

"ते शेवटच्याच्या आधीचं होतं," टाकळकर म्हणाले.

अॅम्प्लिफायर सहा वर्षांपूर्वीचा. पहाडगंजची भाड्याची जागा सोडून टाकळकर कुटुंब गाझियाबादच्या वैशालीत, अजून प्लास्टर ओलं असलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं, त्या महिन्यात त्यांनी तो लाजपतराय मार्केटातून आणला होता. कंपनीचं नाव नव्हतं. पुढच्या पट्टीवर इंग्रजीत 'हाय-फाय' एवढंच चिकटवलेलं, तेही तिरकं. दुकानदार स्वतःच म्हणाला होता, "साहब, सस्ता माल है, गाने सुन लोगे, बस." टाकळकरांनी तो नेमका त्यासाठीच घेतला. आतला ट्रान्सफॉर्मर प्रामाणिक वजनाचा होता आणि सर्किटच्या पाटीवर मोकळी जागा भरपूर होती. बाकी सगळं बदलता येण्यासारखं होतं.

आणि त्यांनी ते बदललं. एकेक करून. आधी वीजपुरवठ्याचे कपॅसिटर, मग खरखर करणारं व्हॉल्यूमचं बटण, मग आवाजाच्या वाटेवरचे बारीक रेझिस्टर, मग मधली आयसी. पूर्वी जपानी कपॅसिटर हवा असेल तर परदेशी जाणाऱ्या साहेबाला गळ घालावी लागे. साहेब सहा महिन्यांनी परत येत आणि चॉकलेटं आणत. आता तेच कपॅसिटर मार्केटात प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, हरभऱ्यासारखे पसरलेले असत. टाकळकर दर पंधरा दिवसांनी बस पकडून जात, ट्रेसमोर उभे राहत आणि खरे कुठले, नकली कुठले, ते पायाच्या तारेवरून ओळखून दोन-चार घेऊन येत. काढलेला प्रत्येक जुना भाग ते काडेपेटीत ठेवत आणि पेटीवर तारीख घालत. तेहतीस वर्षांची सवय होती ती.

तेहतीस वर्षं ते एका सरकारी ध्वनिमुद्रण विभागात तंत्रज्ञ होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तिथे कुठलीही टेप बाहेर जायच्या आधी साहेब एकच प्रश्न विचारत, "टाकळकर को सुनाया?" मग टाकळकर हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत आणि सांगत, की डावीकडचा माइक सैल आहे किंवा मागे कुठेतरी पंखा चालू राहिलाय. विभागात पुढे परदेशी मीटर आले, संगणक आला. प्रश्न तोच राहिला.

सध्याची घाई वेगळ्या कारणाने होती. पुढच्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला, सोसायटीच्या हॉलमध्ये वैशाली-नोएडाकडच्या मराठी घरांचा मेळावा होता आणि त्यात इंदुमतीबाई गाणार होत्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत बावीस वर्षं त्यांनी मुलांच्या प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवली. स्वतःचं गाणं त्यात मागे पडलं ते पडलंच. आता वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या लोकांसमोर अर्धा तास बसणार होत्या. भाड्याचा लाउडस्पीकर आणायचा नाही, असं टाकळकरांनी मंडळाला परस्पर सांगून टाकलं होतं. अॅम्प्लिफायर त्यांचा असणार होता.

"तुझ्या तंबोऱ्याची जवारी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली पाहिजे," ते म्हणाले होते.

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा जीव. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो अचूक जागी बसला की तार छेडल्यावर मूळ स्वराच्या वर एक झंकार उभा राहतो आणि खोलीभर रेंगाळतो. तो झंकार काही केल्या या अॅम्प्लिफायरमधून येईना. टाकळकर तंबोरा टेपवर घेत आणि अॅम्प्लिफायरवर ऐकत. स्वर गोल येई, भरीव येई, पण रजईआडून आल्यासारखा. जूनपासून ते या एका दोषाच्या मागे होते. चांगल्या भागांनी भागेना, तेव्हा त्यांनी स्वराच्या घडणीचे छोटे कपॅसिटर बदलून वरचे स्वर मुद्दाम उचलले. एकदा, दोनदा, तीनदा.

वैभवी, त्यांची मुलगी, गुडगावच्या एका ऑफिसात दिवसभर फोनवर असे. संध्याकाळी टेप लागली की ती पाच मिनिटांत उठे. "बाबा, चुभतंय यार थोडं," ती एकदा म्हणाली. फोनने हिचे कान बिघडले, असं टाकळकरांचं निदान होतं. इंदुमतीबाई मात्र शेवटपर्यंत बसत. दसऱ्यापासून त्या ऐकायला बसताना कानांना मफलर गुंडाळत. त्यांना दिल्लीची थंडी लवकर बाधते, हे टाकळकरांना माहीत होतं.

अकरा चाळीसला वीज गेली. नवा कपॅसिटर बसला होता, फक्त ऐकायचं राहिलं होतं. टाकळकर चडफडत गॅलरीत गेले. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर अजून मोहरी पेरली जात होती. तिच्या मधोमध एका बिल्डरचा बोर्ड उभा होता. पंखे, टीव्ही, पाण्याचा पंप, सगळं एकदम थांबल्याने सोसायटी गप्प झाली होती.

इंदुमतीबाईंनी ती शांतता वापरायचं ठरवलं. तंबोरा काढला, सतरंजीवर बसल्या, सुरात लावला आणि छेडू लागल्या.

टाकळकर गॅलरीच्या दारातून म्हणाले, "अगं, जवारी उतरलीय याची. दोरा सरकला असेल बघ."

इंदुमतीबाईंनी घोडीकडे पाहिलं. बोट दोऱ्यापर्यंत नेलं. तो जरासा हलवून परत आणता आला असता; "हं, आता बघा" असं म्हणताही आलं असतं. बोट तिथेच थांबलं.

"दोरा जागेवर आहे," त्या म्हणाल्या.

"नाही गं. सपाट वाजतोय."

त्या छेडत राहिल्या, आधीपेक्षा सावकाश. टाकळकर आत आले, गुडघे टेकून बसले आणि कान घोडीजवळ नेला. तिथे झंकार होता. बारीक, पण होता. ते उठून दोन पावलं मागे गेले. झंकार गेला. पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले. एखाद्या यंत्राची चाचणी घ्यावी तसं त्यांनी हे तीनदा केलं.

मग त्यांनी वैभवीला हाक मारली आणि दारात उभं केलं. "काय ऐकू येतं?"

"तंबोरा."

"आणखी?"

"ते वरचं, झण्ण. काय म्हणतात त्याला, आई सांगते ते. मधमाश्या असतात ना, तसं." तिने दोघांकडे पाहिलं. "क्यों, काय झालं?"

"काही नाही. जा तू."

बारा पन्नासला वीज आली. शेजारच्या घरांतून टीव्ही एकदम बोलू लागले. टाकळकरांनी अॅम्प्लिफायरला हात लावला नाही. त्यांनी कपाटावरून ऑसिलेटर उतरवला. विभागाने मोडीत काढलेलं हे यंत्र त्यांनी निवृत्तीच्या वर्षी घरी आणलं होतं. चकती फिरवली की खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत हवा तो सूर शुद्ध निघतो आणि मीटरचा काटा दाखवतो की आवाज चालू आहे. तो त्यांनी स्पीकरला जोडला, खिडक्या लावल्या आणि बायकोला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"ऐकू येतंय तोवर हात वर ठेव. बंद झालं की खाली घे."

"आणि तुम्ही?"

"मी चकती बघतो."

त्यांनी चकती सावकाश फिरवली. सेकंदाला एक हजार कंपनं. दोन. तीन. शिट्टी बारीक होत गेली. चार हजारांना ती दूर गेली आणि साडेचारच्या थोडं पुढे नाहीशी झाली. टाकळकरांनी मीटर पाहिला. काटा होता तिथेच होता. त्यांनी वर पाहिलं. इंदुमतीबाईंचा हात वर होता.

ते फिरवत राहिले. पाच हजार. सहा. खोलीत त्यांच्या लेखी आता काहीच नव्हतं; भिंतीवरचं घड्याळ, नळाचं पाणी आणि समोर हात वर करून बसलेली बायको. आठ हजार. तिचा हात भरून आला तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताने धरला, पण खाली घेतला नाही. दहा. अकरा हजारांच्या जरा पुढे हात खाली आला.

"आता नाही येत," त्या म्हणाल्या.

टाकळकरांनी वही ओढली. तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं: अं. टा. ४,५००. इं. टा. ११,०००. अक्षर नेहमीसारखंच होतं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"तुला कधी कळलं?"

"दसऱ्याला."

"दसऱ्याला पंखा चालू होता आपल्याकडे," टाकळकर म्हणाले. मग त्यांना आठवलं. "मफलर."

"आत कापूस असायचा."

"सांगायचंस."

"तेहतीस वर्षं जग तुम्हाला विचारत आलं, कसं ऐकू येतंय म्हणून. अशा माणसाला मी काय सांगू? वाटलं, एकदा मनासारखं झालं की थांबाल."

"मी थांबलो नसतो."

"ते नंतर कळलं." त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली. "कापूस मात्र चांगल्या प्रतीचा वापरला हं. साधा काढून टाकला आणि भारी लावला. तुमचंच बघून."

टाकळकर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

सोमवारपासून काम उलट दिशेने सुरू झालं. काडेपेट्या तारखेप्रमाणे मांडल्या गेल्या. चांगले बसवलेले भाग राहणार होते. वरचे स्वर उचलणारे तीन बदल परत फिरवायचे होते. टाकळकर सोल्डरचे टाके काढत, टाके घालत. इंदुमतीबाई पाठमोऱ्या बसून ऐकत, कानाला काही न लावता, आणि "हा नको", "आधीचा बरा", "थोडं कमी" असं सांगत. पहिल्या दिवशी टाकळकरांनी प्रत्येक वेळी कारण विचारलं. दुसऱ्या दिवशी एकदाच. बुधवारनंतर विचारलं नाही. इंदुमतीबाईंना भागांची नावं येत नव्हती, म्हणून त्या रंगाने बोलावत, आणि गुरुवारपर्यंत टाकळकरही "तो पिवळा" म्हणू लागले होते.

शनिवारी वरच्या स्वरांच्या बटणाची जागा ठरली. वैभवीने तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. विभागातही जुळवलेल्या स्क्रूवर असाच ठिपका देत, टाकळकरांनी तिला सांगितलं. "सच में?" ती म्हणाली. "मग माझी बाटली सरकारी कामाला लागली म्हणायची."

अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता हॉल भरला. शाली, स्वेटर, कडेवरची मुलं, मागे चहाचं पातेलं. अॅम्प्लिफायर झाकणाशिवायच व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात टेबलावर होता आणि टाकळकर त्याच्याशेजारी, हात मांडीवर ठेवून. ठिपका रिकाम्या खोलीत ठरला होता. माणसांनी आणि लोकरीने भरलेली जागा वरचे स्वर पिऊन टाकते. हे कळायला कान लागत नाही, ते त्यांना तेहतीस वर्षांच्या नोकरीतून ठाऊक होतं. तंबोरा सुरू झाला. टाकळकरांनी बटण ठिपक्याच्या पुढे नेलं, केसभर, आणि बायकोकडे पाहिलं. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले आणि षड्ज लावला. म्हणजे बरोबर होतं, निदान व्यासपीठापुरतं.

मग त्यांनी हॉलच्या टोकाकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर त्यांनी वैभवीला बसवलं होतं. तिच्या पुढे कुणाचा तरी फेटा येत होता, म्हणून ती जरा उठली. तिने हात वर केला आणि वरच ठेवला.

टाकळकरांनी बटणावरून बोटं काढली. पुढचा अर्धा तास त्यांनी ते पुन्हा फिरवलं नाही.

शनिवार, ४ डिसेंबरपर्यंतची स्थिती अशी आहे. दर्यागंजमधल्या एका कानाच्या डॉक्टरची तेरा तारखेची वेळ वैभवीने फोन करून घेतली आहे. टाकळकरांनी ती कॅलेंडरवर लिहिली आहे. जाणार की नाही, ते सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी टेप लागते आणि तिघंही बसतात. अॅम्प्लिफायरचं झाकण अजून दिवाणाखाली आहे. चार स्क्रू वाटीत आहेत आणि वाटी इंदुमतीबाईंनी स्वयंपाकघरात परत नेलेली नाही.