मुख्यालयी राहतात

विधिमंडळाची समिती येणार म्हटल्यावर डोंगरकड्याच्या पलीकडल्या त्या आडगावातली गटारंसुद्धा धुऊन निघाली. समिती सरकारी पैशाचा खर्च तपासणार होती. नेमणुकीच्या गावात राहतो असं सांगून मास्तर लोक घरभाडे भत्ता उचलतात, ते खरंच राहतात का, हेही बघणार होती. शाळेतले तिन्ही शिक्षक 'मुख्यालयी राहतात' असा ग्रामसभेचा ठराव तयारच होता. त्यातलं खरं नाव एकच, संपदाबाईंचं. बाकीचे दोघं रोज हिंगोलीहून मोटरसायकलवर यायचे. त्यातल्या एकानं लागलीच आजारपणाची रजा टाकली.

अकरा वर्षं बाई शाळेमागच्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहत होत्या. लग्न केलं नाही, मागे कुणी उरलं नाही. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत त्यांच्याशी बोलणारं कुणी नसायचं. त्यांना समितीची भीती नव्हती, उलट ओढ होती. आपण इथं राहतो हे कुणीतरी एकदा बघून लिहून न्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुसऱ्यानं, म्हणजे विश्वजीत सरांनी, शेजारच्या कुलूपबंद खोलीत संसार आणून मांडला. बायको देवश्री आली, कडेवर लेकरू आलं. घाईत अर्धं सामान मात्र हिंगोलीतच राहिलं.

"ताई, कुकर असंल का? आन् एखादी सतरंजी?"

बाईंनी कुकर दिला, सतरंजी दिली, डबे दिले, देव्हाऱ्यासकट देव दिले. भिंतीपलीकडे बाळ रडलं की त्या उगाच काहीतरी घेऊन पुन्हा दारात हजर. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

समिती आली. विश्वजीतच्या दोरीवर दुपटी वाळत होती, कुकर शिट्ट्या देत होता. अध्यक्ष खूश झाले. मग ते बाईंच्या खोलीत शिरले. एक खाट, एक ताट, एक खुर्ची.

"इथं कोण राहतं?"

"मी."

"बाई, आम्हाला येड्यात काढता? ना देव, ना डबा. घर असं असतं का?"

"राहतात साहेब, बराबर राहतात," सरपंच म्हणाले. पण हेच ते रजेवरच्या मास्तरांबद्दलही म्हणाले होते, आणि त्यांची खोली दाखवता न आल्यानं चांगलेच तोंडघशी पडले होते.

कुकर माझा आहे, हे शब्द बाईंच्या ओठांवर आले. दारात देवश्री लेकराला छातीशी धरून उभी होती, तोंड पांढरंफटक पडलेलं. बाई गप्प राहिल्या. त्यांच्या नावापुढे शेरा पडला: राहत नाहीत, भत्ता वसूल करावा. पैशाचं त्यांना काही वाटलं नाही. अकरा वर्षं राहिलेली बाई एका ओळीत नाहीशी झाली, ते जिव्हारी लागलं.

गाड्यांचा धुरळा बसायच्या आत विश्वजीतनं टेम्पो बोलावला. देवश्री एकेक वस्तू परत देऊ लागली. "ताई, तुमच्यामुळं वाचलो आमी."

"आजचा दिवस राहा ना," बाई म्हणाल्या. "मी पिठलं टाकते."

देवश्रीला हसू आलं. "इथं? इथं कुणी राहतं का, ताई?"