उजव्या बाजूचा टाका

आठ वर्षांत माझ्या नवऱ्याने मला एकदाही जवळ घेतलं नाही. घ्या, सांगून टाकलं! हेच वाक्य वकीलबाईंसमोर बोलायला मला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्या दोन वेळा नुसतं पाणी पिऊन परत आले होते.

नवरा चष्मेवाला. भर चौकात चष्म्यांचं दुकान, गोड बोलणं, व्यसन म्हणाल तर चहाचंसुद्धा नाही. जो तो मला म्हणायचा, नशीब काढलंस हो! लग्न झालं त्या दिवशी म्हणाला, दमलोय. बरं बाबा, दमला असशील. मग आठ वर्षं दमलेलाच! झोपायला बाहेरच्या खोलीतला सोफा, आणि सकाळी कुणी यायच्या आत चादर घडी करून कपाटात. मी रडून विचारलं, भांडून विचारलं. "काही त्रास असेल तर डॉक्टरकडे जाऊ. मी नको असेन तर तसं सांग, मी जाते," असंही म्हटलं. तर म्हणतो कसा, "तुला दुसरं काही सुचतच नाही का?" असा संताप आला! मी काय जगावेगळं मागत होते?

शेवटी बॅग भरली, बाबांकडे आले आणि घटस्फोटाचा अर्ज केला. कारण न सांगता वर्षानुवर्षं सहवास नाकारणं हा छळच आहे, असं वकीलबाईंनी अर्जात लिहिलं. पण मला म्हणाल्या, "सिद्ध करणं महाकठीण. बंद खोलीतल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा?"

बाबांना मी एवढंच सांगितलं होतं, की आमचं पटत नाही. बाबांचा गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन मशिनं आणि नाकातोंडात जाणारा कापूस. मीही तिथेच दाभण धरायला शिकले.

चार महिन्यांनी नवऱ्याचं उत्तर आलं. वकीलबाई ते घेऊन कारखान्यातच आल्या. बाबा पलीकडे कापूस भरत होते, म्हणून त्या हळू वाचत होत्या. "आम्ही दोघे रोज एकाच पलंगावर झोपत आलो. मी उजवीकडे, ती डावीकडे. गादीही तिच्याच माहेरची. पत्नी धादांत खोटं बोलते, तिचं बाहेर काहीतरी असावं."

बाबांनी मान वर केली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, जमिनीने पोटात घेतलं तर बरं. ते काही ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "पोरी, त्या गादीचा टाका बघितलास का?"

"बाबा, ती तर घरची गादी. तिला कशाला टाका?"

"मी घातला होता. हाताला सवय ना."

आता टाका म्हणजे काय, ते सांगते. काही गिऱ्हाईकं महिनाभर गादी वापरतात आणि 'अजून पाठसुद्धा टेकवली नाही' म्हणत परत आणतात. म्हणून आम्ही खोळीच्या आत, डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना मधोमध, एकेक लाल कच्चा धागा ताणून घालतो. कडेला कुणी बसलं तर त्याला काही होत नाही. वर माणूस झोपला, की दोन-चार दिवसांत तुटतो.

पण मी घर सोडून चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तो पठ्ठ्या चार दिवस जरी पलंगावर झोपला असेल, तर माझं सगळं मुसळ केरात!

तरी वकीलबाईंनी अर्ज केला आणि कोर्टाने गादी मागवली. त्याने खुशाल पाठवली. वरून बघून काय कळणार, असं वाटलं असेल. सुनावणी बंद दाराआड. न्यायाधीशबाई, दोन्ही वकील, एक कारकून, तो, मी, बाबा आणि टेबलं जोडून त्यावर ठेवलेली माझी गादी.

"तुम्ही कुठल्या बाजूला झोपायचात?" न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं.

"उजव्या. रोज. हे लेबल आहे ना, ती माझी बाजू." बोट दाखवलं ते केवढ्या ऐटीत!

बाबांनी कात्री काढली. आधी माझी बाजू उसवली. धाग्याची दोन तुटकी टोकं. मग उजवी. बाबांनी खोळ बाजूला केली.

लाल धागा. अख्खा. घातला तसा ताणलेला.

"धागाच पक्का असेल!" त्याचा वकील उसळला. बाईंनी आधी फोटो काढायला लावले. मग स्वतः उठल्या आणि धाग्यावर तळहात ठेवून जरा भार दिला. टचकन तुटला.

चष्मेवाल्याची ततपप झाली. "ते... अलीकडे पाठ दुखते म्हणून मी सोफ्यावर..."

"अलीकडे म्हणजे आठ वर्षं?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.



मग बाबा बोलले. असल्या विषयावर जन्मात कधी चकार शब्द न काढलेला माणूस! "बाईसाहेब, माझी मुलगी नको होती तर तसं सांगायचं. मी येऊन घेऊन गेलो असतो. गादीसकट." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

दीड महिन्याने निकाल लागला, माझ्या बाजूने. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, पत्नी खरं बोलत होती. तेवढं वाक्य मी वकीलबाईंना तीनदा वाचायला लावलं.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना बाबांनी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली, बाबा."

"तुला कसली लाज?" ते एवढ्या जोरात ओरडले, की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. बघू देत. मी त्यांचा हात धरून ताठ मानेने उतरले.

दुसऱ्याच दिवशी मी माझ्यासाठी गादी शिवली. चांगली ऐसपैस, दोन माणसांची. "एकटीला एवढी?" बाबा म्हणाले. म्हटलं, हो, एवढीच! त्यांनी सवयीने दोन्ही बाजूंना टाके घातले. मी आपली हातपाय ताणून आडवी झोपते, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आठवड्याने बाबांनी शिवण उसवून पाहिली, तर दोन्ही धागे तुटलेले.

"भरपूर वापरली आहेस. आता परत घेणार नाही हं," ते म्हणाले.

म्हटलं, देतंय कोण!