बारावं भोक

घड्याळजींची दयाळाशी ओळख भांडणानेच झाली. रोज सकाळी सातला हा मूठभर काळा-पांढरा पक्षी कामाच्या खोलीच्या खिडकीवर यायचा आणि काचेतल्या स्वतःलाच चोची मारायचा. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरावी, की आलीच टकटक.

"स्वतःचं थोबाड ओळखत नाही आणि ऐट बघा याची!" ते बायकोवर डाफरले.

"अहो, त्याला वाटतं, दुसरा कुणी घर बळकावायला आलाय. तुम्ही नाही का जिन्यातल्या सायकलीवरून भांडत?"

चडफडत त्यांनी काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. टकटक थांबली. दोन दिवसांनी तारेवरून शीळ आली, लांबलचक, दर वेळी निराळं वळण घेणारी. घड्याळजींनी खिडकी उघडून कागदाला बोटभर भोक पाडलं आणि काचेला डोळा लावला. दयाळाबरोबर करड्या रंगाची मादी होती. समोरच्या इमारतीत जुन्या पाइपाचं भोक होतं; दोघं अळ्या घेऊन तिथे शिरत. आतून चिरचिर यायची. चार मिनिटांना एक खेप. त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं.

गुरुवारी दुपारी खेपा बंद पडल्या. दयाळ चोचीत अळी धरून भिंतीपुढे फडफडत होता. इमारतीला गिलाव्यासाठी परांची बांधली होती आणि भोकाच्या जागी ओलं सिमेंट होतं.

घड्याळजी अनवाणी खाली धावले. "अरे, आत पिल्लं आहेत!"

गिलाव्याच्या मुकादमाने खिशातून कागद काढला. "काका, यादीत बारा भोकं. बारा बुजवली."

"बुजवण्याआधी आत डोकावलास?"

"ते यादीत नाही."

"जिवंत जीव चिणलेस आणि वर मला यादी दाखवतोस?"

"तुम्ही साहेबांशी बोला. त्यांनी सांगितलं तर परवा उकरतो."

"परवा काय उकरशील? हाडं?"

त्यांनी त्याच्या हातातली थापी हिसकावली आणि चौसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, परांचीवर चढले. सिमेंट अजून मऊ होतं. ढेकळं खाली पडू लागली. आत चार पिल्लं होती. उजेड येताच तीन चोची उघडल्या. चौथी उघडली नाही.

दयाळाने त्यांच्या टकलावर झडप घातली. त्यांनी नुसती मान खाली घातली.

"काका, उतरा आता, पडाल," मुकादम खालून म्हणाला. आवाज पडला होता.

"उतरतो. पण आधी ती शिडी उचल आणि बाकीची अकरा उघड. आत्ता, माझ्यासमोर."