शेंदराच्या पुड्या

मालनबाईचं वजन जिथल्या तिथे होतं आणि सगळा घोळ तिथेच होता. मेथीची भरली पाटी एका हिसक्यात डोक्यावर घेणारी ही बाई, पण यंदा पाटी गुडघ्यापर्यंत आली की मनगटं माना टाकायची. दंडाच्या काटक्या झाल्या होत्या आणि पोट मात्र सुटत चाललं होतं.

"बसून खातीस, दुसरं काय," नवरा चिमाजी म्हणाला. शेजारणी म्हणाल्या, अंग धरलंय. द्वारका चौकातल्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, वजन ठीक आहे म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. वाळले म्हणावं तर पोट आडवं येतं, जाड झाले म्हणावं तर बांगड्या कोपराकडे पळतात. बिचारीला स्वतःच्याच अंगाचा थांग लागेना.

बसण्याचं मात्र खरं होतं. दोन वर्षं मळ्यातलं काम उरकलं की दुपारी ती पूजेच्या सामानाच्या एका दुकानदारासाठी घरी शेंदराच्या पुड्या बांधायची. त्यात सिंहस्थाचं वर्ष, मागणी विचारू नका. हात धुणं तिला पटत नसे. देवाच्या अंगाला लागणारी वस्तू मोरीत कशी सोडायची? बोटं कपाळाला आणि पदराला पुसून ती त्याच हाताने भाकरी मोडायची. अंगातलं बळ गेलं तसं तिला वाटलं, सेवेत काहीतरी कमी पडतंय. म्हणून तिने पुड्या वाढवल्या.

शेवटी इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. आठवड्याने चिमाजी तिला घेऊन गेला.

"मावशी, रक्तात शिसं आहे. सातपूरला बॅटरीच्या कारखान्यात जाता का?"

"नाय ओ. मी देवाचं काम करते. शेंदूर भरते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शेंदूर शिशाचाच करतात. ते पोटात गेलं की हातातलं बळ जातं, मांस झडतं. चरबी तेवढी चढते. काट्याला काय, दोन्ही सारखंच." मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी पोटुशी आहे?"

"लेक आलीय बाळंतपणाला."

"तिला त्या शेंदराजवळ फिरकू देऊ नका."

परतीच्या बसमध्ये मालनबाईचं डोकं भणभणत होतं. "गडावरची देवी नखशिखांत शेंदरात हाय. तिला काय झालं?"

"ती त्या हातानं भाकर खात नाय," चिमाजी म्हणाला. तिला हे पटलंही आणि पटलंही नाही. देवी खोटी की डॉक्टरीण खोटी, काही समजेना.

घरी आले तर लेक रूपाली ओटीवर शेंदराच्या पोत्यापुढे बसलेली. "तुझ्या वाटच्या पुड्या मी बांधल्या आई, तुझे हात दुखतात ना." तिने आईनेच शिकवल्याप्रमाणे बोटं कपाळाला पुसली आणि पेरू उचलला.

मालनबाईने पेरू फटक्यासरशी उडवला. "ऊठ. मोरीत चल."

तांब्या हातात ठरेना, तेव्हा तिने तो दोन्ही मनगटांत धरून ओतला. भगवं पाणी मोरीत उतरू लागलं.

"आई, पाप लागेल ना गं?"

"ठाऊक नाय," ती म्हणाली. "लागलं तर मला लागू दे. तू नखं घास."