चौथी मागणी

‘आमची मुलगी ड्रायव्हर लिहिते,’ असं तिची आई मोठ्या तोऱ्यात सांगायची आणि समोरची बाई हमखास विचारायची, ‘म्हणजे बसचा की ट्रकचा?’ ऑफिसात हे कळल्यापासून सगळे तिला ‘ड्रायव्हरीणबाई’च म्हणत. तीही हसून ओ द्यायची.

तिचा ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, फोनच्या आत, पार तळाशी बसलेला असायचा. प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वेगाने पळायचं, ही मर्यादा तो सांभाळायचा. वेग कमी करा अशी मागणी तिघंच करू शकत: तापमानावर लक्ष ठेवणारा भाग, बॅटरी सांभाळणारा भाग आणि फोन वापरणारा माणूस. तिघांतला सगळ्यात कमी आकडा ड्रायव्हर उचलायचा आणि प्रोसेसरला तेवढ्यावर बांधून ठेवायचा. घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाचं ऐकायचं, एवढंच, असं ती नव्या लोकांना समजावायची.

चाचणीच्या खोलीत लांबलचक टेबलावर फोनचे उघडेवाघडे सर्किट बोर्ड मांडलेले होते. प्रत्येकावर बोटभर पंखा घरघरत असायचा. मागच्या भिंतीशी चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची मांडणी होती. एका सकाळी कडेचा बोर्ड अचानक रेंगाळायला लागला. तापला नव्हता, बॅटरीही भरलेली. तिने मागण्या तपासल्या तर तिथे चार होत्या. चौथीला नाव नव्हतं. नुसता आकडा होता, सगळ्यात खालचा.

तिने आजोबांना बोलावलं. आजोबा म्हणजे तिचे वरिष्ठ. केस अकाली पिकले म्हणून हे नाव पडलेलं.

‘कोणीतरी जुना कोड विसरलं असेल,’ ते म्हणाले. ‘उडव की.’

‘तिघांशिवाय कोणाला आत घेतच नाही, असं करते.’

तसं तिने केलंही. दुपारी त्या बोर्डावर एसीचं पाणी ठिबकलं आणि तो जळाला. दोन दिवसांनी दुसऱ्याच बोर्डावर बिननावाची मागणी आली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याचा पंखा अडकून मोडला. मग तिसरा बोर्ड मंदावला. टेबल पुसताना कोणाचा तरी धक्का लागून तो खाली पडला. आधी मागणी, मग घात. ती हे कोणाला बोलली नाही. बोलून हसं कोण करून घेणार? पण कोड मात्र तिने पुन्हा पुन्हा वाचला. चौथीला शिरायला फटसुद्धा उरलेली नव्हती.

आणि मग एका भर दुपारी सगळ्याच बोर्डांचा वेग एकदम तळाला गेला. चिप थंड पडल्या तसे पंखेही एकेक करून थांबले. खोलीत शांतता पसरली. त्या खोलीत शांतता कशी असते हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. ती खुर्चीवरून ताडकन उठली.

‘बाहेर चला. सगळे.’

‘अगं, चाचणी अर्धी झालीय,’ आजोबा कुरकुरले.

‘आजोबा, उठा म्हणते ना!’

तिचा चेहरा बघून ते निमूट उठले. सगळे पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले. ‘ड्रायव्हरीणबाईंनी ब्रेक मारला,’ असं कोणीतरी म्हणालं, दोघं-तिघं हसले आणि तेवढ्यात आत धडाम आवाज झाला. बॅटऱ्यांची मांडणी पेटली होती. दाराच्या काचेमागे बघता बघता काळा धूर भरला.

कोणाला खरचटलंही नाही. चौकशीत एका बॅटरीवर खापर फुटलं आणि प्रकरण मिटलं. पण आजोबांनी तिला बाजूला घेतलं. खालच्या आवाजात म्हणाले, ‘ती मागणी काढू नकोस हं.’

‘मी कधीच काढलीय, आजोबा.’



पुढे घरी वापरून बघायला प्रत्येकाला एकेक फोन मिळाला. तिनेही घेतला. नको कसं म्हणणार, ड्रायव्हर तिचाच होता. रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसली होती आणि हिच्या हातातला फोन एकाएकी जड झाल्यासारखा चालेना. तिने मागण्या बघितल्या. चार.

तिने गॅस बंद केला, मेन स्विच पाडला आणि आईला हाताला धरून बाहेर काढलं.

‘अगं, चपला तरी घालू दे! झालंय काय?’

‘सांगते. आधी चल.’

फोन हातात धरून ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. फोन पुन्हा सुसाट चालायला लागला. घराकडे परतली, तर फाटकाशी पुन्हा मंद. संध्याकाळपर्यंत तिने दहादा तरी हेलपाटे घातले असतील. रात्रीला दोघी मावशीकडे गेल्या.

त्याला आता सहा महिने झाले. इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासलं, इंजिनिअरने भिंती ठोकून बघितल्या. घर ठणठणीत आहे म्हणाले. मावशीने तोंडावर काही म्हटलं नाही, पण पाहुणचार संपल्याचं ताटातून कळायला लागलंय. आई रोज विचारते, ‘घरी कधी जायचं गं?’

दर रविवारी ती फाटकापर्यंत जाऊन येते. गेल्या खेपेला मात्र फोन फाटकापर्यंत पोचायच्या आधीच मंदावला, शेजारच्यांच्या कुंपणापाशी. आत त्यांची सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. ओळखीचं हसली आणि म्हणाली, ‘काय हो, घर विकताय की काय?’

ती कुंपणाला धरून उभी राहिली.

‘ताई,’ ती शेवटी म्हणाली, ‘जरा बाहेर येता का? घरात अजून कोण कोण आहे?’