पाहुण्याला दिलेली सिमसिमिय्या

शहाताने थोरल्या भावाचं वाद्य, त्याची सिमसिमिय्या, अकरा वर्षांपूर्वी एका पाहुण्याला देऊन टाकली, आणि तीही द्यायचं मनात तिळमात्र नसताना.

पाहुणा कुठल्याशा थंड देशातला प्रोफेसर. पोर्ट सईदच्या कोळ्यांची गाणी टिपून घ्यायला आला होता. अरबी बोलायचा, पण पुस्तकातली. थोरला बदवी तेव्हा होडी घेऊन समुद्रावर होता. पाहुण्याने भिंतीवरची पाच तारांची सिमसिमिय्या पाहिली आणि सुंदर आहे म्हणाला. आता आमच्याकडे पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली की "तुमचीच आहे, घेऊन जा" म्हणायचं असतं. पाहुण्याने छातीवर हात ठेवून "तुम्हालाच लखलाभ" म्हणायचं. तीनदा आग्रह, तीनदा नकार, मग चहा. शहाता बोलण्यात मुळातच सढळ. तिसऱ्यांदा तर त्याने अल्लाची शपथसुद्धा घातली. प्रोफेसरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ती खिळ्यावरून काढली, आपल्या मफलरमध्ये गुंडाळली आणि निघाला. शहाता दारात उभा राहून हसत हात हलवत राहिला. दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

बदवी परत आला. रिकामा खिळा पाहिला, काय झालं ते बायकोकडून ऐकलं आणि शहाताशी बोलणं टाकलं. एकच घर, एक वर राहतो, एक खाली. ईदला तो धाकट्याला मिठी मारायचा, पण तोंडातून शब्द नाही. "चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं," शहाता सगळ्यांना सांगायचा.

गेल्या महिन्यात बदवीच्या फुप्फुसात पाणी झालं. आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सगळे काय ते समजले. त्याच आठवड्यात लग्नात गाणारा एक दोस्त कैरोहून बातमी घेऊन आला. प्रोफेसरने मायदेशी जाण्याआधी सिमसिमिय्या कैरोतल्याच वाद्यांच्या संग्रहालयाला दिली होती. काचेच्या कपाटात आहे. शहाताने दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडली. भाऊ जिवंत आहे तोवर वाद्य त्याच्या मांडीवर ठेवायचं आणि त्याच्या तोंडून एक शब्द ऐकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

संग्रहालयाच्या दारात शिपायाने त्याची पिशवी उघडली आणि लगेच बंद केली.

"हाज," वयाचा मान ठेवत तो म्हणाला, "हे काय आणलंय?"

"शिंपल्या. मीठ-लिंबात मुरवलेल्या. तुमच्या साहेबांसाठी."

"साहेबांनाच काय, आत पुतळे असते तर त्यांनाही वास आला असता. इथेच राहू दे."

आत दालनामागून दालनं. तारांचे ऊद, बासऱ्या, डफ, काय नव्हतं? आणि कुठूनही आवाज म्हणून नाही. कब्रस्तानात याहून जास्त गलका असतो. शहाता कशाकडेही न बघता चालत राहिला, आणि चौथ्या दालनात त्याचे पाय थांबले. तीच होती. पत्र्याचा डबा, त्यावर ताणलेलं चामडं, बदवीच्या बोटांनी काळा पडलेला दांडा. खाली पाटी होती: "सिमसिमिय्या, पोर्ट सईद. श्री. शहाता यांची भेट." ते वाचून भर दालनात त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दालनाचे प्रमुख वग्दी चाळिशीचे, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी त्याला खोलीत बसवलं, चहा मागवला.

"पोर्ट सईदची माणसं म्हणजे आमच्या डोक्यावरचा मुकुट. हे संग्रहालय तुमचंच आहे, हाज. इथलं सगळं तुमचंच."

"मग माझी सिमसिमिय्या घेऊन जातो," शहाता म्हणाला.

वग्दी हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू मावळलं.

"हाज, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो."

"मीही तेच केलं होतं, बाळा."

त्याने सगळी हकिगत सांगितली. वग्दींनी मन लावून ऐकली. पण वस्तू सरकारदरबारी चढलेली, कागदावर शिक्के, वर समिती. "माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"निदान त्याला ऐकवू दे. फोनवर."

वग्दींनी चहाचा पेला बाजूला सारला. मग उठले, त्याला दालनात नेलं, दार लावून घेतलं आणि कपाट उघडलं. शहाताच्या हातात त्यांनी सुती हातमोजे दिले.

"पाच मिनिटं. आणि खुंट्यांना हात लावायचा नाही. दांड्याला चीर गेलीय. तारा आम्ही मुद्दाम सैल ठेवल्यात."

शहाताने घरी फोन लावला. इन्शिराह वहिनीने उचलला.

"वहिनी, फोन त्याच्या कानाला लावा."

"भावजी, त्यांना ऐकू जातंय की नाही तेही कळत नाही."

"लावा तुम्ही."

तो काही वाजवणारा नव्हे. जन्मभर टाळ्या देऊन मागे गाणारा. पण बदवी लग्नात पहिली वाजवायचा ती चाल त्याला येत होती. मोज्यांतून बोटं घसरायला लागली. त्याने मोजे काढले. वग्दी खिडकीबाहेर बघू लागले. चार-पाच सूर निघाले असतील. फोनमधून नुसती बदवीच्या श्वासाची घरघर येत होती. मग ती थांबली.

"तिसरी," बदवी म्हणाला. "तिसरी तार उतरलीय. चढव."

शहाताला रडू कोसळलं. "अरे, बोललास तू," एवढंच तो म्हणू शकला.

"चढव आधी."

त्याची बोटं खुंटीकडे गेली. वग्दींनी पटकन त्यावर हात ठेवला.

"मोडेल, हाज. माझी नोकरी गेली खड्ड्यात, पण ही मोडेल."

शहाताने त्यांच्याकडे पाहिलं, त्या चिरेकडे पाहिलं. आणि फोनमध्ये म्हणाला, "चढवली." तार पुन्हा छेडली. मासळीच्या भावात बदवीला फसवता आलं असतं, सुरात नाही. पलीकडे काही पडल्यासारखा आवाज झाला.

"भावजी," वहिनी बोलत होती, "त्यांनी फोन ढकलून दिला. भिंतीकडे तोंड केलंय."

"काय म्हणाला?"

वहिनी फोन घेऊन खोलीबाहेर आली. मग म्हणाली, "म्हणाले, तेव्हा माझी वस्तू लोकांना दिली, आता मला खोटं देतोय."

"वहिनी, त्याला सांगा, खुंटीला हात लावायची परवानगी नाही हो."

"परवानगी कुणाची? वाद्य आपल्याच घरातलं ना?"

पाच मिनिटं होऊन गेली होती. वग्दींनी हात पुढे केले, आणि शहाताने सिमसिमिय्या त्यांच्या हातात दिली.