पाच नंबरची खोली

वहिनींनी पट्ट्यावरून सरकत आलेलं सफरचंद उचललं, देठाजवळ अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि इन्स्पेक्टरकडे न बघताच दुय्यम मालाच्या पेटीत टाकलं.

"म्हणजे आज तुम्ही फाइल बंद करणार," त्या म्हणाल्या.

"करावीच लागेल, वहिनी. अपघात आहे." एव्हाना इन्स्पेक्टरही त्यांना वहिनीच म्हणू लागला होता. शीतगृहाच्या त्या आवारात दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. पेट्या उतरवणाऱ्या हमालापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी. "दादा एकटेच आत गेले. खोलीतली हवा बदललेली नव्हती. दार मागून आपोआप सरकलं. निष्काळजीपणाच म्हणायचा त्याला, काय करणार."

"तो शब्द परत घ्या."

"कोणता?"

"'काय करणार'च्या आधीचा."

इन्स्पेक्टर हसला नाही. माणूस समजूतदार होता, फक्त त्याला घाई होती. वहिनींनी हात पुसले, पट्टा बंद करायला सांगितला आणि मुकादमाला हाक मारली. नवरा जाऊन आठवडा झाला होता. या आठवड्यात त्या रडल्या होत्या, जेवल्या नव्हत्या, भिंतीकडे बघत बसल्या होत्या. पण 'तो माणूस चुकला' हे त्यांनी एकदाही कबूल केलं नव्हतं. बाजारात कुजबुज चालली होती की जगाला नियम शिकवणारा स्वतःच गाफील राहिला. मुलगी शाळेतून येऊन विचारत होती, "आई, बाबा खरंच विसरले होते का गं?" त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता.

आता नियम काय, तर सांगायला हवं. सफरचंद नुसतं गार ठेवून भागत नाही. खोली भरली की दार लावायचं आणि यंत्रानं आतला प्राणवायू काढून घ्यायचा. मग फळ झोपी जातं आणि पुढचा हंगाम येईपर्यंत तसंच करकरीत राहतं. माणूस मात्र अशा खोलीत शिरला तर दोन श्वासांत कोसळतो. वास येत नाही, घसा आवळत नाही, सावध व्हायला सवडच मिळत नाही. म्हणून दादांनी घालून दिलं होतं की आधी दार उघडून, पंखे लावून खोलीत हवा खेळवायची, आणि मग एकानं आत जायचं, एकानं दारात उभं राहायचं. दारातल्यानं आकाश कोसळलं तरी हलायचं नाही. यावरून दादांनी भल्याभल्यांना झापलं होतं.

"ते एकटे आत जाणं शक्यच नाही," वहिनी चालता चालता म्हणाल्या. "जेवायला एकटे बसायचे नाहीत, आत कुठले जातायत!"

पाच नंबरची खोली आता रिकामी होती. मुकादम तिच्यासमोर येऊन अवघडून उभा राहिला. दादांना आत पडलेलं पहिल्यांदा पाहिलं ते त्यानं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती, पण त्याचबरोबर आपण एका मोठ्या भानगडीत महत्त्वाचे आहोत हेही त्याला कुठंतरी सुखावत होतं. टीव्हीवरची एकही गुप्तहेर मालिका त्यानं सोडली नव्हती.

"साहेब, मालिकेत अशा वेळी सगळ्यांना एका खोलीत बसवतात," तो म्हणाला. "खुर्च्या आणू का?"

"नको," इन्स्पेक्टर म्हणाला.

"मुकादम, त्या दिवशी सकाळी जसं केलंत तसंच करून दाखवा," वहिनी म्हणाल्या. "तोंड बंद ठेवून. निदान आजच्या दिवस."

मुकादमानं मान डोलावली. तो चार पावलं मागं गेला, पुन्हा आला, दाराचा दांडा खाली दाबला आणि जोर लावून दार रुळावरून सरकवलं. मग सवयीनं त्याचा हात बाहेरच्या भिंतीवर गेला आणि खटका वाजला. आतली रिकामी फरशी उजळली. तो आत वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "इथंच होते, दादा. तोंड दाराकडे करून."

वहिनींनी फरशीकडे पाहिलं नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"पुन्हा करा."

"पुन्हा?"

"दिवा मालवा, दार लावा आणि पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा दांडा, पुन्हा दार, पुन्हा खटका. वहिनी इन्स्पेक्टरकडे वळल्या. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज पूर्वीसारखा, पट्ट्याच्या आवाजावर मात करणारा झाला होता.

"साहेब, दार उघडल्यावर यांनी काय केलं?"

"दिवा लावला."

"बटण कुठं आहे?"

इन्स्पेक्टरनं भिंतीकडे पाहिलं, मग आत पाहिलं, मग परत भिंतीकडे. "बाहेर."

"बाहेरच असतं. आत ओल असते. आता मला सांगा, आत पडलेल्या माणसानं बाहेरचा दिवा कसा मालवला?"

इन्स्पेक्टर झटकन मुकादमाकडे वळला. "त्या दिवशी दिवा बंद होता? नक्की?"

"बंद होता म्हणून तर लावला! चालू असता तर कशाला लावला असता, साहेब?"

"मग जबानीत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का?" मुकादम दुखावला. "तुम्ही म्हणालात, दादा कसे पडले होते ते सांगा. ते सांगितलं."

"काळोखात आत शिरले असतील," इन्स्पेक्टर म्हणाला खरा, पण त्याच्या स्वतःच्याच गळी ते उतरलं नाही. वहिनींना उत्तर द्यावंच लागलं नाही. काळोखात सफरचंद कोण तपासतं? म्हणजे दादा आत गेले तेव्हा दिवा चालू होता आणि दारात कुणीतरी होतं. त्या कुणीतरी हवा खेळवली आहे असं खोटं सांगितलं, दादांना आत जाऊ दिलं, दार लावलं आणि जाता जाता खटका बंद केला. वहिनींनी डोळे मिटले. माझा माणूस चुकला नव्हता, त्या मनाशी म्हणाल्या. त्यांना भडभडून आलं, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

इन्स्पेक्टरला मात्र आता जोर चढला. "कामगार यायच्या आधीची वेळ. फाटक बंद. आवारात तुम्ही घरचेच. तुमचे धाकटे दीर तर गेल्या वर्षीपासून हे सगळं विकून टाकायच्या मागं होते. दादांचं आणि त्यांचं वाजलं होतं, हे सगळा बाजार सांगतो. चला, त्यांना बोलावून घेऊ."

आणि वहिनी हसल्या. अगदी मनापासून, पदर तोंडाला लावून.

"भाऊजी? अहो, आमचे भाऊजी आणि दिवा मालवणार? जातील तिथं उजेड करून ठेवतात. न्हाणीघर, जिना, ऑफिस, जिथून उठतील तिथला दिवा जळतोय. हे म्हणायचे, याला शोधायला हाक मारायची गरज नाही, उजेडाच्या मागं मागं जायचं."

"खरंय," मुकादमानं री ओढली. "धाकटे दार लावायचंसुद्धा विसरतील."

"आणि भांडण मिटलं होतं त्यांचं. ह्यांनीच मिटवलं. शीतगृहाच्या पाटीवर आपल्या नावाशेजारी भाऊजींचं नाव घालायचं ठरवलं होतं. रंगाऱ्याला सांगूनही झालं होतं. भाऊजींवर तर तुम्ही वेळच दवडू नका, साहेब."

"बरं," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याला आता त्या सांगतील ते ऐकायची सवय लागत चालली होती. "मग या घरात दिवा न चुकता बंद कोण करतं?"

"मी," वहिनी लगेच म्हणाल्या.

त्यांचं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं. ते तोंडावरच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं. त्यांनी बाजूच्या पेटीच्या कडेवर हात टेकला. लहानपणी आई दिवसभर कामावर असायची. घर त्यांच्या हाती आणि धाकटा भाऊ त्यांच्या पदरात. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही तर फटका. त्यांना आईकडून आणि त्याला त्यांच्याकडून. पुढं पुढं फटका मारावा लागेनासा झाला. ताप भरलेला असताना, झोपेत चालताना, लग्नाच्या धांदलीत, कधीही, तो खोलीतून निघाला की त्याचा हात भिंतीवर जायचाच.

इन्स्पेक्टर वाट बघत होता. 'मी' एवढंच उत्तर पुरेसं होतं. त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तर तोही पुढं गेला नसता. वहिनींच्या तोंडाकडे बघून त्यांच्यावर कोणी संशय घेतला नसता.

"मी," त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि मी ज्याला शिकवलं तो. मुकादम, मामाला बोलवा."

मुकादम यंत्रांकडे गेला. मामा म्हणजे वहिनींचा भाऊ. लग्नानंतर त्यांनीच त्याला इथं आणलं. मुलगी मामा म्हणायची म्हणून सगळं शीतगृहच त्याला मामा म्हणू लागलं. यंत्रं त्याच्या ताब्यात होती आणि त्यांतला आवाज जरा बदलला तरी त्याला कळायचं. दादांच्या मागं या आठवड्यात त्यानंच सगळं सांभाळलं होतं.

तो लगबगीनं आला. "ताई, काय गं? पुन्हा चक्कर आली का? सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"बाळ, इथं माझ्यासमोर उभा राहा."

तो राहिला. इन्स्पेक्टर काही बोलणार होता, पण वहिनींनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला आणि तो गप्प बसला.

"त्या दिवशी दारात तू होतास."

"मी? मी वजनकाट्याजवळ होतो, ताई. साहेबांना सांगितलंय की मी. काय भलतंच..."

"खोटं बोलू नकोस." त्यांचा आवाज चढला. त्या आवाजात शीतगृहाची मालकीण नव्हती, फ्रॉक घातलेली, कमरेवर हात ठेवलेली थोरली बहीण होती. "दार लावलंस ते लावलंस, वर दिवा मालवलास. आत माणूस असताना दिवा मालवलास!"

"मग काय जळत ठेवायचा होता?" मामा फटकन म्हणाला.

"अरे देवा," मुकादम पुटपुटला.

शब्द बाहेर पडले आणि मगच ते मामाला ऐकू आले. त्यानं बहिणीकडे पाहिलं, इन्स्पेक्टरकडे पाहिलं, पुन्हा बहिणीकडे पाहिलं. मग तो हळूहळू दाराशेजारी खाली बसला.

"पाटी रंगवायला माणूस येणार होता," तो म्हणाला. "धाकट्यांचं नाव. त्यांना एक नंबरची खोली कुठली ते तरी माहीत आहे का गं? यंत्र बंद पडलं तर कोण उठतं? मी. आणि मी कोण, तर मामा. सगळ्यांनी मिळून मामाच बनवलंत मला. दादा म्हणाले, तू घरचाच आहेस, तुला पाटी कशाला हवी."

"ते दादांच्या मनातलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणाले होते. त्यांनी मला विचारलं, बाळचंही नाव घालू का? भावाभावांत पुन्हा वाकडं येऊ नये म्हणून मीच नको म्हटलं. माझ्याशी भांडायचं होतंस. मला चार शिव्या द्यायच्या होत्यास. त्या माणसाचा काय दोष होता रे?"

त्या आता रडत होत्या, आणि ते लपवत नव्हत्या. मामानं त्यांच्या पायांकडे हात नेला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

इन्स्पेक्टरच्या माणसांनी मामाला गाडीत बसवलं. धाकटे दीर ऑफिसातून धावत आले, काय झालं ते ऐकलं आणि खांबाला धरून उभे राहिले. "वहिनी, बाजारात सगळे माझ्याकडेच बघत होते," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीही..."

"वेडे आहात का, भाऊजी."

जाताना इन्स्पेक्टर फाटकाशी थांबला. "वहिनी, निष्काळजीपणा हा शब्द मी काढून टाकतोय. दादांची काहीच चूक नव्हती, असं स्पष्ट लिहितो." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "तुम्ही 'मी' म्हणून थांबला असतात, तर मला पुढचं सुचलं नसतं."

"थांबणार होते," वहिनी म्हणाल्या. "पण मुलीला काय सांगितलं असतं?"

मुलीला त्यांनी घरात जाऊन जवळ बसवून सांगितलं. बाबा काही विसरले नव्हते, हे आधी सांगितलं, मग बाकीचं. ती ऐकत राहिली आणि मग त्यांच्या कुशीत शिरली. ती थोडी शांत होतेय तोच फोन वाजला. रोज संध्याकाळी या वेळी आईचा फोन यायचा. जावई गेल्यापासून म्हातारीनं अन्न टाकलं होतं. शेजारपाजारच्या बोलण्यानं ती जास्तच खचली होती.

"आई," वहिनी म्हणाल्या, "ह्यांची चूक नव्हती. पोलिसांनी मान्य केलं. तसं लिहून देणार आहेत."

पलीकडून मग आईचा आवाज आला तो केवढा तरी मोठा, केवढा तरी ताठ.

"मी म्हणतच होते! एकेकाला सांगत होते, माझा जावई असा नव्हे म्हणून! आता बोलू देत म्हणावं कोणाला काय बोलायचंय ते. बाई गं, आता मी जेवते दोन घास. आणि बाळ कुठाय? त्याला दे बरं फोन. काल माझ्याशी बोलताना लहान मुलासारखा रडत होता गं तो. त्यालाही कळू दे, जरा बरं वाटेल लेकराला."

वहिनींनी मुलीला हलकेच बाजूला केलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई," त्या म्हणाल्या, "तू आधी खाली बस बघू."